वळणानंतर स्टिअरिंग सरळ होत नाही: जुनी एमजीबी

बारा वर्षं उभी असलेली एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सुरू केलीत, पण स्टिअरिंग जड आहे आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. माझा पहिला संशय किंगपिनवर, म्हणजे ज्या उभ्या खिळींभोवती पुढची चाकं वळतात त्यांच्यावर. ग्रीस वाळलं की ते आवळून बसतात. पुढची बाजू जॅक स्टँडवर घ्या, टाय रॉडची (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची) टोकं सोडवा आणि पुढचं चाक हाताने वळवून बघा. तरीही जड? मग किंगपिनच. हलकं वळलं तर रॅक (स्टिअरिंगची दातेरी पट्टी) किंवा कॉलम (स्टिअरिंग व्हीलचा दांडा) तपासा. ग्रीस भरताना चाक अधांतरीच ठेवा, नाहीतर ते नीट आत पोचत नाही.

टायर तेव्हाचेच असतील तर अलाइनमेंटच्या आधी तेच बदला; कडक झालेलं रबर भलतीच लक्षणं दाखवतं. खड्ड्यानंतर नाक डोलत राहतं? लिव्हर आर्म डँपरमधलं (जुन्या पद्धतीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं) तेल बघा.