जुनी गाडी, तापलेला रस्ता आणि टिकणारे टायर : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की टायरचे प्रश्न येतात, आणि बहुतेकांना एकच हवं असतं, सगळ्यात जास्त टिकणारा टायर सांगा. पण गाडी वर्षाला किती पळते ते कळल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही, म्हणून प्रश्न पाठवताना ते नक्की लिहा.

प्रश्न (यवतमाळ) : आमची २०१० ची पेट्रोल स्विफ्ट आहे, वर्षाला जेमतेम ५ हजार किलोमीटर चालते. टायर ७ वर्षांचे झालेत पण नक्षी अजून छान आहे, त्यामुळे हे म्हणतात की चालतील अजून. बदलायचेच तर सगळ्यात टिकाऊ कुठले घ्यावेत?

ताई, बदलाच. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर घासून संपत नाही, तो वयाने आणि उन्हाने संपतो. रबर कडक होतं, साईडवॉलवर म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि हे सगळं होताना नक्षी मात्र शाबूत दिसते म्हणून लोक फसतात. साईडवॉलवर डीओटी (DOT) ही इंग्रजी अक्षरं लिहिलेली असतात, त्या ओळीचे शेवटचे ४ आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. ५ वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्यायचा. कंपन्या १० वर्षं सांगतात ती अगदी शेवटची हद्द, विदर्भाच्या ४५ डिग्रीत उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर मी ७ च्या पुढे जाऊ देत नाही. स्टेपनीची तारीखही बघा, ती कोणीच बघत नाही.

आता टिकाऊपणाचं. ५ हजाराच्या हिशोबाने ७ वर्षांत तुमचे ३५ हजार किलोमीटर होणार, मग जास्त किलोमीटरसाठी बनवलेल्या टायरला जादा पैसे कशाला द्यायचे? त्यांचं रबर बऱ्याचदा जरा कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर पकड त्या मानाने कमी. तुम्ही साधा चांगल्या कंपनीचा, ओल्यात नीट पकडणारा टायर घ्या. साईज बहुतेक १६५/८० आर १४ असेल, पण जुन्या टायरवर आणि दाराच्या स्टिकरवर खात्री करा. आणि दुकानदाराला आधीच सांगा की ६ महिन्यांपेक्षा जुना माल नको. तारीख बघून मगच बसवायला द्या, बसवल्यावर वाद घालून काही होत नाही.

प्रश्न (नागपूर) : २०१४ ची डिझेल गाडी आहे, महिन्यातून दोनदा तरी समृद्धीवरून जाणं होतं, घरचे पाचही जण असतात. टायर फुटण्याची भीती वाटते. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी असं सगळे सांगतात, खरं आहे का? नायट्रोजन भरू का?

हवा कमी अजिबात ठेवू नका, हाताबाहेरचे प्रसंग यातूनच येतात! हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला साईडवॉल जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते, त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते. वर तापलेलं काँक्रीट, तासन् तास एकाच वेगात गाडी, पाच माणसं आणि सामान, ती उष्णता बाहेर जायला वावच मिळत नाही आणि आतले थर सुटायला लागतात. टायर फुटतो तो क्षणात, पण त्याची तयारी बरीच आधीपासून चाललेली असते.

सकाळी गाडी न पळवता, टायर थंड असताना हवा चेक करा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तुम्ही तोच धरायचा. पळाल्यावर ४-५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतात ते कंपनीने आधीच धरलेलं असतं, त्यामुळे मधे पंपावर थांबून गरम टायरमधली हवा सोडू नका. नायट्रोजनने बिघडत काही नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्याने फार फरक पडणार नाही. ते पैसे चाकांच्या अलाइनमेंटला लावा.

तुमचं रनिंग मोठं आहे म्हणून जास्त किलोमीटरवाले टायर तुम्हाला नक्की परवडतील, सीएटचा मायलेझ (Milaze), अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ, ब्रिजस्टोनचा स्टर्डो या जातीचे. टेम्परेचर ग्रेड (टायर उष्णता किती सोसतो त्याचा दर्जा) छापलेला असेल तर ए किंवा बी बघा, सी नको. स्पीड रेटिंग टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, ते पुरतं, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मात्र कंपनीच्या आकड्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. आणि साईडवॉलला कुठेही फुगा आलेला दिसला तर त्या टायरवर समृद्धीवर जायचंच नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : सध्या दोनच टायर घेण्याचं बजेट आहे. दुकानदार म्हणतो गाडी पुढून ओढते, नवे पुढेच टाका. बरोबर?

नाही, नवे मागे टाका. पुढचे टायर लवकर घासतात हे खरं, म्हणून दुकानात असंच सांगतात. पण पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला लागते, ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा सावरते. मागची सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि घरच्या साध्या ड्रायव्हरला ती आवरत नाही. गगनबावड्याच्या घाटात जुलैमध्ये हा फरक जिवावरचा आहे. जे पुढे राहतील त्यांच्या नक्षीची खोली तेवढी बघा, कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, मी ३ च्या खाली गेले की पावसाळ्याआधी बदलायला सांगतो.

प्रश्न (श्टुटगार्ट) : जर्मनीत जुनी गोल्फ घेतलीय. इथे समर टायर वेगळे असतात, किती टिकतील हे लेबलवरून कसं ओळखू?

लेबलवरून नाही कळणार, त्यावर इंधन, ओल्यातली पकड आणि आवाज एवढंच असतं. एडीएसी या तिथल्या ऑटोमोबाइल क्लबच्या टायर टेस्ट बघा, २०२३ पासून त्यात ३० टक्के मार्क पर्यावरणाला आहेत आणि त्यात टायर किती झिजतो, अंदाजे किती किलोमीटर जाईल तेही येतं. ओल्यातली पकड मात्र ए किंवा बीच घ्या. तिथे ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर ठेवायची पद्धत आहे, म्हणजे समरचा सेट अर्ध वर्षच झिजतो, पण वय त्याचंही वाढतंच. काढलेला सेट अंधारात, थंड जागी ठेवा.

प्रश्न (नाशिक) : सेकंडहँड टायर स्वस्तात मिळतायत, जुन्या गाडीला घेऊ का?

नको. झिजलेल्या टायरवर गरम ब्लेडने नक्षी कोरून विकतात, खाली रबरच उरलेलं नसतं. आयएसआय मार्कचा नवा, स्वस्तातल्या रेंजमधला टायर घ्या, आणि चार जमत नसतील तर दोन घ्या, वर कोल्हापूरकरांना सांगितलं तसं मागे टाका.