साडेचारचा अंधार

प्रिय मुली,

परवा फोनवर म्हणालीस, "काकू, सगळं छान चाललंय, मग रडू का येतं?" आणि लगेच भाजीचा विषय काढलास. मी १९९४ साली शिकागोला आले तेव्हा नळ सोडून रडायचे, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

इथे डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. नाशिकच्या उन्हात वाढलेल्या शरीराला ते जाणवणारच. दुपारी कोट चढवून अर्धा तास बाहेर पड आणि डॉक्टरकडून ड जीवनसत्त्व तपासून घे.

पण खरं दुखणं वेगळं आहे. पाच वर्षं स्वतःच्या पगारावर जगलेल्या तुला इथे कागदोपत्री 'डिपेंडंट' म्हणतात. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, एरवी नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवाना मिळतो, पण त्यासाठी बहुतेक वेळा नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज, मंजूर व्हावा लागतो. पुढे ग्रीन कार्डाची रांग. एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात, म्हणून आपली माणसं वर्षानुवर्षं ताटकळतात. त्याची नोकरी गेली तर नवी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तो हल्ली चिडका झालाय म्हणतेस ना? त्याच्याही डोक्यात हेच घोळत असणार. एकदा दोघांनी बसून मोठ्याने बोला. आपल्यात काय कमी पडलं, असं उगाच शोधत बसू नकोस.

शिकायला मात्र एच-फोरवर बंदी नाही. कम्युनिटी कॉलेजात एखादा वर्ग घे, कसलाही.

आईशी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोलतेस. साडेअकरा तासांचा फरक, तिची दुपार जगायला तू झोप मोडतेस. दिवस ठरवून घ्या. आणि एकदा तरी तिला "बरं नाहीये" म्हण. ती घाबरेल, पण तिला ते आधीच कळलेलं असतं.

महाराष्ट्र मंडळात जा. घरं आणि पगार मोजणारे तिथेही भेटतील (मला अजून भेटतात), म्हणून तू थेट स्वयंपाकघर गाठ. मोदक वळताना बायका खरं बोलतात.

जीव नकोसा वाटला तर मध्यरात्रीसुद्धा ९८८ फिरव, ती इथली अशा वेळची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. मग मलाही उठव.

शनिवारी अकराला येते. लर्नर्स परमिट जवळ ठेव. गाडी तू चालवायचीस, मी शेजारी बसेन.

तुझी काकू