नुसता 'टिक' आवाज येतोय? स्टार्टर नंतर बघ

भावा, चावी फिरवल्यावर नुसतं 'टिक' होतं म्हणून लगेच स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) बदलायला धावू नकोस. आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, घे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांग, आकडा 9.6 च्या खाली घसरला तर बहुधा बॅटरीच थकलीय.

बॅटरी ठणठणीत निघाली तर अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनपर्यंतच्या जोडणीकडे, वळ. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस इथेच घात करतात. माझ्या गाडीची इंजिन-बॉडीची अर्थ पट्टी वरून चकचकीत होती. बोल्ट काढला तर खाली हिरवट-पांढरी भुकटी! मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धर आणि सेल्फ मारायला लाव. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्याच वाटेत आहे. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेव, सगळे जोड सँडपेपरने घास, घट्ट आवळ. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत बॅटरी डिकीत असते, केबल लांबलचक, म्हणून पॉझिटिव्ह बाजूही तपास.

टिकसुद्धा होत नसेल तर क्लच स्विच (क्लच दाबल्यावरच सेल्फ लागू देणारा) आणि स्टार्टर रिले (स्टार्टरकडे करंट सोडणारा स्विच) बघ. गाडी मात्र न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हे विसरू नकोस.