जास्तीच्या नर कोंबड्यांचं काय करायचं?
ताई, खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवलीत की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, आणि त्यात साधारण निम्मे नर. घणसोलीच्या गावठाणात दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे चार-पाच महिन्यांचे झाले की पहाटे चारला आरवतात, एकमेकांना रक्तबंबाळ करतात. म्हणून अंडी उबवायला ठेवण्याआधीच हे ठरवा.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात मात्र सोडू नका. खुराड्यात वाढलेला पक्षी तिथे उपाशी तरी मरतो नाहीतर मुंगसाच्या तोंडी जातो. असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. झुंजीसाठी मागणाऱ्यालाही देऊ नका, झुंज लावणं हाही गुन्हाच.

आधी कुणी पाळायला नेतंय का बघा. नाहीतर पालिकेचा परवाना असलेला, हात सराईत असलेला चिकनचा दुकानदार शोधा. सोसायटीच्या आवारात कापाकापी नको. आदल्या रात्रीपासून दाणे बंद, पाणी चालू ठेवा. अंधारात पक्षी शांत असतो, तेव्हाच उचला. पाय बांधून उलटा लटकवू नका, हवेशीर डालग्यात न्या. दुकानात थांबा, दुसऱ्या पक्ष्यांसमोर कापू नका म्हणून सांगा. सुरी धारदार हवी, एकाच घावात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या तुटायला हव्यात, आणि हालचाल पूर्ण थांबेपर्यंत गरम पाण्यात टाकायचं नाही. घाईत नेमकं हेच चुकतं, आणि मला ते बघवत नाही.

आजारी पक्षी मात्र कापायचा नाही, खायचाही नाही. सरळ पशुवैद्यांना दाखवा.