एम.ए.ला प्रबंधाऐवजी माहितीपट दिला तर त्याला संशोधन म्हणतात का?

प्रश्न असा आहे की, फिल्म स्टडीजच्या शेवटच्या सत्रात लेखी प्रबंधाच्या जागी माहितीपट दिला तर तो संशोधन म्हणून धरतात का, आणि पुढे पीएचडीला त्याचा काही उपयोग होतो का.

माहितीपट हे संशोधन असू शकतं. ते तसं धरतील की नाही, हे तुमचा प्रकल्प तपासणाऱ्या समितीवर कोण बसलंय त्यावर आहे. खरं तर एवढं सांगून थांबायला हवं. पण या विषयावर माझं एका गृहस्थांशी जुनं वाजलेलं आहे, त्यामुळे लांबण लागणार. घाई असेल तर शेवटचे तीन-चार परिच्छेद वाचा.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात माध्यमं शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या तीन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी तालुक्याच्या गावचं एक थिएटर घेतलं. एकपडदा, बंद पडायच्या बेतात, बाल्कनीच्या निम्म्या खुर्च्या उखडलेल्या. आधी सगळं रीतसर केलं. प्रश्नावली तयार केली, ती मी तपासली, मुलाखती ठरल्या. ऑपरेटर म्हणून उभा जन्म तिथे काढलेले तात्या समोर बसले आणि प्रत्येक प्रश्नाला एका वाक्यात वाटेला लावू लागले. "काम कसं असायचं?" "मशीन चालवायचं." "अवघड जायचं का?" "सवयीनं जमतंय." "आठवणीतला प्रसंग?" "तसं काय न्हाई." लिहून काढल्यावर दोन पानंसुद्धा भरेनात. पोरं रडकुंडीला आली.

मग त्यातल्या एका मुलीला सुचलं ते मला सुचलं नव्हतं. डिजिटल सिनेमा आल्यापासून वरच्या खोलीतली दोन्ही ३५ एमएमची मशीनं ताडपत्रीखाली पडून होती. मालकानं अजून भंगारात घातली नव्हती एवढंच. ती तात्यांना म्हणाली, "काही सांगू नका. रिळांची पेटी आलीय, पहिला शो लावायचाय, असं समजा आणि करा." कॅमेरा तिने तोंडावर न लावता हातांवर लावला.

तात्यांनी ताडपत्री काढली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि रीळ नसताना रीळ चढवलं. वरच्या स्पूलपासून खालच्या स्पूलपर्यंत बोटं अशी फिरली की फिल्म दिसायचीच बाकी होती. गेट बंद करण्याआधी वर दोन बोटांचा लूप सोडला. दिव्याचं दार उघडून कार्बनच्या कांड्या बसवल्याचा हात केला, मग काळ्या काचेतून डोकावून म्हणाले, "ह्या दोघींच्या टोकांत अंतर पडलं की उजेड जातोय, आणि खाली पब्लिक शिट्ट्या घालतंय." मोठं रीळ दोन हजार फुटांचं, बाविसेक मिनिटांत संपणारं, म्हणून दोन मशीनं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसरा दिसला की पालटायचं. हे पुस्तकात मिळतं. तात्या मात्र म्हणाले, "ठिपका कोण बघतंय? प्रिंट आमच्याकडं यीपर्यंत रिळाची शेवटं तुटून ठिपका गेलेला असायचा. डायलॉग पाठ करून ठेवायचा, त्यावर हात टाकायचा."

आणि मग ते सहज वळले, भिंतीलगतच्या फळीपाशी गेले, फिल्म कापून जोडायच्या चापावर हात ठेवला आणि म्हणाले, "आणि हितं गाणं काढायचं."

"काढायचं म्हणजे?"

"संध्याकाळचा खेळ सुटला की खेड्यांची शेवटची एसटी साडेनऊला. सिनेमा लांबला की लोक शेवट सोडून उठायचे, दुसऱ्या दिवशी कोण येणार? मालक म्हणायचे, तात्या, बघा काय जमतंय. मग मधलं एक गाणं काढून ठेवायचं. पेटी जाताना परत चिकटवून द्यायचं."

"कुठलं गाणं काढायचं ते कसं ठरवायचा?"

"ज्या गाण्याला पब्लिक बिडी वढायला भाईर जातंय, ते."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या कुणाच्याही यायला हवा. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये असते. डीसीआरवर, म्हणजे थिएटरच्या रोजच्या गल्ल्याच्या तक्त्यावर, किती तिकिटं गेली ते असतं. आपण या दोन कागदांच्या भरवशावर "प्रेक्षकांनी हा चित्रपट पाहिला" असं बिनदिक्कत लिहितो. त्या गावानं संध्याकाळच्या खेळाला पाहिलेला चित्रपट त्या लांबीचा नव्हताच. तो एसटीच्या वेळापत्रकानं कापलेला होता. आणि कुठलं गाणं जायचं, हे बिडी ओढणारे प्रेक्षक ठरवत होते. एवढी गोष्ट एका चापावर हात ठेवल्यामुळे बाहेर आली. प्रश्नावलीला ती शंभर वर्षं सापडली नसती, कारण असा प्रश्न विचारायला आधी ती गोष्ट माहीत असावी लागते.

पोरांनी इथे थांबून फिल्म केली असती तरी मी खूश झाले असते. ती थांबली नाहीत. डोअरकीपरला गाठलं. तो म्हणाला, गाणं काढलेलं मला आठवत नाही, मारामारी कापलेली आठवते, त्यावरून खुर्च्या मोडल्या होत्या. एसटीच्या एका निवृत्त कंडक्टरनं सांगितलं की उलट गाडीच थिएटरसाठी थांबायची. तिन्ही साक्षी त्यांनी एकापुढे एक ठेवल्या, कुणालाही खोटं न पाडता. फिल्ममध्ये ते पाहताना कळतं की तात्या सांगतात तेव्हा त्यांचा हात चापावर आहे, आणि डोअरकीपर सांगतो तेव्हा तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघतोय. कागदावर हे "विसंगती आढळली" एवढ्यात निकालात निघालं असतं.

आता समिती. समितीवर आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, विषय त्यांचा वेगळा पण मान मोठा. फिल्म संपली. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "छान झालीय. गॅदरिंगला दाखवा. आता संशोधनाचं काय केलंत ते सांगा." गृहीतक कुठे आहे, नमुना निवड कशी केली, तळटीप पडद्यावर कुठे देणार? पुढे चहाच्या वेळी म्हणाले, सिनेमे काढून आणि बघून संशोधन होत असतं तर आमचा पानवालाही डॉक्टर झाला असता. सगळे हसले. वार्षिक अहवालात तो माहितीपट "सांस्कृतिक उपक्रम" या रकान्यात गेला. मुलांनी सुट्टीत घाईघाईनं एक लेखी जोडपत्र तयार केलं, त्यात दोन-तीन पाश्चात्य विचारवंतांची नावं पेरली, आणि गुण मिळाले ते त्या जोडपत्राला. ते जोडपत्र मी वाचलंय. त्यात एसटी नाही, बिडी नाही, चाप नाही.

सर तेव्हा जे बोलले त्याला मी तिथे धड उत्तर दिलं नाही, सभा संपवायची घाई होती. इथे देते.

सिनेमाच्या इतिहासात इंग्रज सरकारनं सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेल्या 1927-28च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ समितीपुढच्या साक्षी हे आपलं लाडकं साधन. रंगाचारियार अध्यक्ष होते. थिएटरवाले, वितरक, सेन्सॉरचे लोक बोलावले, प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली. खुद्द फाळक्यांची साक्ष त्यात आहे. आज प्रत्येक प्रबंधात तिचा हवाला असतो आणि सर तो मान्य करतात. मग तात्यांची साक्ष कमी का? छापील नाही म्हणून? त्या साक्षींमध्ये माणसाचा आवाज नाही, हात नाही. आमच्याकडे दोन्ही आहेत.

तळटीपेचं म्हणाल तर तो मुद्दा रास्त आहे आणि त्याची सोय जगानं कधीच करून ठेवलीय. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं सरकारी मूल्यमापन होतं, त्यात फिल्मसुद्धा संशोधन म्हणून दाखल करता येते. सोबत 300 शब्दांचं निवेदन जोडायचं: प्रश्न काय होता, शोधलं कसं, नवीन काय हाती लागलं. 2014 पासून 'इनट्रांझिशन' नावाचं नियतकालिक दृक्‌श्राव्य निबंध परीक्षकांकडून तपासून घेऊन प्रसिद्ध करतंय. आणि इतकं लांब कशाला जायचं? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी शिकवता शिकवता माहितीपट केले. 2001चा त्यांचा 'साचा' बघा. नारायण सुर्व्यांची कविता आणि सुधीर पटवर्धनांची चित्रं यांतून गिरणगाव उभं राहतं. त्याच जोडीनं पुढे 2016 साली भारतीय माहितीपटावर 'अ फ्लाय इन द करी' हे जाड पुस्तकही लिहिलं. म्हणजे एकाच माणसाला दोन्ही करता येतं, आणि एकानं दुसऱ्याचं काही बिघडत नाही. सरांना मी हे उदाहरण नंतर दिलं होतं. "ती मुंबई आहे," म्हणाले.

आता तुमची पाळी. सरांना शिव्या घालून झाल्या म्हणजे तुमचा माहितीपट संशोधन ठरला असं नाही. माझ्याकडे दर वर्षी येणाऱ्या विद्यार्थी-फिल्म्सपैकी बहुतेकांत शोधलेलं काही नसतं. थिएटरवर ड्रोन उडतो, बासरी वाजते, म्हातारा माणूस दाराच्या चौकटीत बसून दूर बघतो, "तो काळच वेगळा होता" म्हणतो, संपलं. विचारलं की यातून तुला आधी माहीत नसलेलं काय कळलं, तर उत्तर नसतं. दुसऱ्या बाजूला "मराठी चित्रपटातील अमुकतमुक प्रतिमा : एक अभ्यास" छापाचे प्रबंध आहेत, ज्यांत दोनशे पानं कथानकं सांगण्यात जातात. त्यांना मी संशोधन म्हणत नाही, बाइंडिंग कितीही काळं आणि अक्षरं कितीही सोनेरी असोत. कॅमेरा लावल्यामुळे असं काही हाती येणार असेल जे वहीत येत नाही, तर माहितीपट करा. नाहीतर गुपचूप लिहा, खर्च वाचेल.

लिहायचं ठरवलंत तर विषय चित्रपटाच्या भोवतीच्या वस्तूंत शोधा. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टरं, छायाचित्रं तिथे आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची आज दाखवली जाणारी रिळं 1913ची नसून 1917च्या पुनर्निर्मितीची असावीत, हे म्हणणं अभ्यासकांनी अशाच वस्तू एकमेकींशी ताडून मांडलं. आपण शाळेत पाठ केलेल्या पहिल्या चित्रपटाची ही कथा, तर तुमच्या गावच्या टुरिंग टॉकीजमध्ये किती पडून असेल.

पीएचडीचं विचारलंत ते राहिलं. इथे मात्र सर जिंकतात. आपल्याकडे पीएचडी सहसा लेखी प्रबंधावरच मिळते, फिल्म सोबत जोडता येते पण प्रबंधाच्या जागी चालत नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला आपली बहुतेक मुलं जनसंवाद व पत्रकारिता या विषयातून बसतात, तिथे माहितीपट कुणी बघायला मागत नाही. पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018ची नियमावली डोळ्यांपुढे ठेवा: कला-मानव्य शाखांत एका शोधनिबंधाला 10 गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10, संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला 5. आमच्या कॉलेजच्या फॉर्मवर माहितीपटाला रकानाच नव्हता. तेव्हा फिल्म केली तरी तिच्यावर एक निबंध लिहून ठेवाच. आमच्या त्या मुलीनं चापाची गोष्ट नंतर नीट लिहून छापली, आणि पीएचडीच्या मुलाखतीत तिला त्या गोष्टीवरच बोलायला लावलं.

दुसऱ्यांच्या चित्रपटांचे तुकडे वापरणार असाल तर कायदा बघून घ्या. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, त्यामुळे खूप जुनं असेल तर प्रश्न नाही. त्यानंतरच्या चित्रपटांबाबत 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण ती वर्गात जितकी निर्धास्त वाटते तितकी फिल्म यूट्यूबवर टाकल्यावर वाटत नाही. ज्यांचं शूटिंग करताय त्यांची लेखी संमती घ्या. तात्यांनी गाणं कापल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, तेव्हा थिएटरचा मालक हयात होता. ते दाखवायचं का, हे आम्ही दोघांनाही आधी विचारलं. मालक हसले आणि म्हणाले, दाखवा, आता कोण वितरक विचारायला येतोय.

आणि माहितीपट चालेल असं विभागप्रमुख म्हणाले असतील तर ते शूटिंगच्या आधी कागदावर घ्या, किती मिनिटांची फिल्म, सोबत किती पानं आणि गुणांची विभागणी कशी, हे सगळं लिहून. सत्राच्या मध्यावर विभागप्रमुख बदलतात, आणि नव्यांना आधीच्यांचं तोंडी "चालेल की" आठवायचं काही कारण नसतं.