आज्जी मोजत नाही असं कोण म्हणालं?

सई,

परवा तू वजनकाटा शेजारी ठेवून आज्जीला व्हिडिओ कॉलवर आमटी विचारत होतीस आणि आज्जी प्रत्येक गोष्टीला "घाल की गं अंदाजानं" एवढंच म्हणत होती, मग कॉल संपल्यावर तू मला विचारलंस की बाबा, कोल्हापुरात कोणी मोजून स्वयंपाक करतच नाही का, आणि आज्जीकडे एक पण रेसिपीचं पुस्तक कसं नाही? तेव्हा माझी मीटिंग होती म्हणून उत्तर राहिलं. आता निवांत लिहितो, जरा लांबेल, जेवणाचा विषय निघाला की माझं काय होतं ते तुला माहितीच आहे.

पहिली गोष्ट, पुस्तक आहे. आज्जीच्या फडताळात वरच्या खणात कमलाबाई ओगल्यांचं रुचिरा आहे, 1970 साली आलेलं, एकेकाळी लग्न होऊन जाणाऱ्या मुलींच्या बॅगेत साड्यांबरोबर हे पुस्तक असायचं, आणि त्याचं कारण सोपं आहे, त्यात सगळं प्रमाण वाटी आणि चमच्यात दिलेलं, म्हणजे कोणाच्याही घरात लगेच चालणारं. आज्जीच्या प्रतीचं कव्हर कधीच गेलंय. पण ती प्रत पुढच्या वेळी नीट बघ, चकलीच्या पानावर तेलाचे डाग, अनारशाच्या पानावर गुळाचा चिकट ठसा, केकचं पान तर निम्मं सुटलेलं, आणि आमटी-उसळींची पानं अगदी कोरी करकरीत. कारण वर्षातून एकदा करायचं ते विसरतं, त्याला पुस्तक लागतं. रोजच्या आमटीसाठी पुस्तक कोण उघडतंय! आणि आपली माणसं लिहीतच नव्हती असंही नाही, सूपशास्त्र नावाचं पाककृतींचं मराठी पुस्तक 1875 साली छापलंय, म्हणजे दीडशे वर्षं झाली. मी झोपताना पाककृतींची पुस्तकं कादंबरीसारखी वाचतो म्हणून तुझी आई हसते, पण त्यातूनच माझ्या लक्षात आलं की पुस्तकात सणाचं, पाहुण्यांचं आणि नवलाईचं जेवण भरपूर असतं, मंगळवारी रात्री घरात माळवं संपलेलं असताना काय केलं हे कुठेच नसतं.

आता तुझा खरा प्रश्न, आज्जी मोजत नाही. अगं मोजते! फक्त रोज मोजत नाही, वर्षातून एकदा मोजते, उन्हाळ्यात, चटणी करताना. चटणी म्हणजे आपली कांदा-लसणाची लाल चटणी, जी आमटीत, उसळीत, भाजीत, रश्श्यात जाते आणि काहीच नसेल तर नुसतं तेल घालून भाकरीबरोबर. त्या वेळी तू आज्जीला बघायला पाहिजेस, दुकानदाराचा काटा जरा हलला तरी ती पैसे देत नाही. एक किलो मिरची, त्यात रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी जवारी, जवारी महाग पडली की दुसरी एखादी, मग पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा, तीळ, जिरं, आलं, कोथिंबीर, मीठ, आणि लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री हे सगळं तोळ्या-तोळ्यानं. हे आपल्या घरचं प्रमाण. शेजारच्या काकूंचं वेगळं आहे, आणि दोघींना एकमेकींची चटणी "बरी" लागते, यापुढे दोघी काही बोलत नाहीत.

ही यादी लिहिलेली पण आहे. कालनिर्णयच्या पानामागे रेसिपी छापलेली असते ना, तसलं एक जुनं पिवळं पान आहे, आज्जीनं छापील रेसिपीवरच आडवं पेनानं आपलं प्रमाण लिहिलंय. खाली दरवर्षीची बारीक नोंद, "ब्याडगी पावशेर वाढवली", "लसूण कमी". म्हणजे बघ, पुस्तक आहे, फक्त एका पानाचं.

मग मिरच्या दोन-तीन दिवस गच्चीवर उन्हात, देठं काढायला आम्ही सगळी पोरं बसवलेली, संध्याकाळपर्यंत बोटं अशी आग मारायची की डोळ्याला हात लावायची सोय नाही, खोबरेल तेल चोळून झोपायचं. भाजणं-तळणं झालं की डबे घेऊन कांडपाच्या गिरणीत. तिथे लोखंडी मुसळं एका रांगेत धाडधाड वर-खाली, तोंडाला पदर बांधलेल्या बायका, सगळी गल्ली शिंकतीय, आणि आज्जी तिथेच उभी, नंबर आला तरी डबा दुसऱ्याच्या हातात देत नाही, आपली चटणी दुसऱ्याच्या चटणीत मिसळली तर? कांडून आली की चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची आणि वर हिंगाचे खडे.

नवी बरणी उघडली की पहिला आठवडा घरात जरा गोंधळ असतो. यंदाची मिरची किती तिखट निघाली ते कळायचं असतं, आजोबा एखाद्या दिवशी घास खाऊन नुसतेच आज्जीकडे बघतात, आज्जी दुसऱ्या दिवशी हात आवरता घेते, आणि एकदा का तो हात बसला की पुढची बरणी येईपर्यंत तिला विचार करावा लागत नाही. तिचा "अंदाज" तो हा. इथे जर्मनीत तू केकला पाच ग्रॅम इकडे-तिकडे होऊ देत नाहीस तेही बरोबरच आहे, पीठ पाकिटातलं दरवेळी सारखंच येतं. मिरची दरवर्षी वेगळी येते गं. त्यामुळे आज्जीनं तुला "दीड चमचा" सांगितलं असतं ना, तर पुढच्या वर्षी ते चुकलं असतं.

बाकी कधी काय खायचं हे तर पुस्तकात शोधायचंच नाही, ते वारावर असतं. सोमवार शंकराचा, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मग उरले बुधवार आणि रविवार, त्या दिवशी मटण. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग असते. 2019 मध्ये मटणाचा दर वाढला तर कोल्हापुरात चक्क आंदोलन झालं, दुकानं बंद राहिली, पेपरात रोज बातम्या! दुसऱ्या गावाला हे खरं वाटणार नाही. मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

आणि तू विचारलं नाहीस पण सांगतो, तांबडा आणि पांढरा रस्सा हे दोन वेगळे स्वयंपाक नाहीत. मटण शिजवलेलं अळणी पाणी एकच, ते दोन भांड्यांत विभागून घ्यायचं, एका भांड्यात तेलात परतलेली चटणी आणि वाटण, दुसऱ्यात नारळाचं दूध आणि काजू-तीळ-खसखशीचं पांढरं वाटण, हळद-तिखट अजिबात नाही. इथल्या दुकानातली खसखस निळी-काळी असते, ती घातली तर पांढरा रस्सा राखाडी दिसतो, म्हणून आपल्या घरी खसखस नाही आणि काजू जास्त. आज्जीला हे मी अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नको.

काका पुढच्या महिन्यात येतायत, त्यांच्या बॅगेत एक किलो चटणी आहे, यंदाची. आली की अर्धी फ्रीझरमध्ये टाकू, अर्धी बरणीत. बरणीत ओला चमचा घालायचा नाही, बुरशी धरते. आमटी पुन्हा करून बघ, सुरुवातीला चौघांच्या आमटीला अर्धाच चमचा घाल आणि चाखून वाढव. आणि आज्जीला फोन केलास की "किती घालू" विचारू नको, "यंदा ब्याडगी किती घेतलीस आणि जवारी काय दरानं मिळाली" असं विचार. तास मोकळा ठेव पण.

तुझा,
बाबा