एकाच एस-बानच्या भरवशावर घर घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला, फ्रँकफर्टमधली भाडी झेपत नाहीत, शहराबाहेर गोडेलाऊला ऐसपैस फ्लॅट मिळतोय, तिथून एस-७ ही एस-बान, म्हणजे उपनगरी लोकल, थेट फ्रँकफर्टला जाते. बायको आणि वर्षाची मुलगी मागाहून येणार. गाडी न घेता निभेल का?

ट्रेन चालू असेल तेव्हा अगदी आरामात निभेल. ट्रेन बंद असेल त्या दिवसांचं काय, हे मात्र घर ठरवण्याआधी बघा. मी त्याच मार्गावर राहतो आणि २०२४ मध्ये तो बंद होता तेव्हा ऑफिसला बसनेच जात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुम्ही ठाण्याचे, मेगाब्लॉक तुम्हाला नवा नाही. पण तो रविवारचा, काही तासांचा. इथे आता असं ठरलंय की वर्षानुवर्षं थोडीथोडी डागडुजी करण्यापेक्षा अख्खा मार्ग काही महिने बंद ठेवायचा आणि रूळ, सिग्नल, वरच्या तारा, फलाट सगळं एकदम करून टाकायचं. पहिला नंबर लागला रीडबानचा, म्हणजे तुमच्या गोडेलाऊवरून जाणाऱ्या फ्रँकफर्ट–मानहाइम मार्गाचा. सुमारे ७० किलोमीटर, १५ जुलै ते १४ डिसेंबर २०२४. लोकल गाड्यांच्या बदल्यात दीडशेच्या आसपास बस आणि सुमारे ४०० ड्रायव्हर आणले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये हाम्बुर्ग–बर्लिन बंद झाला. २०२६ च्या यादीत कोलोन–वुपरटाल–हागेन आहे, न्यूर्नबर्ग–रेगेन्सबुर्ग आहे आणि जुलैपासून ऱ्हाइनच्या उजव्या काठचा, वीसबाडेनपर्यंत येणारा मार्गही आहे. देशभरातले असे चाळीसेक मार्ग व्हायचे आहेत आणि हे काम २०३० नंतरही चालणार आहे.

रीडबानचं मोठं काम उरकलंय, ही तुमच्या बाजूची गोष्ट. पण शनिवार-रविवारची कामं, रात्रीची कामं, सिग्नलचे बिघाड हे कुठल्याच मार्गाला चुकलेलं नाही. आणि तसं झालं की स्टेशनबाहेर पाटी लागते: एसईव्ही. म्हणजे ट्रेनऐवजी बस.

या बसचा त्रास वेळापत्रकात दिसत नाही. एक तर ती स्टेशनच्या दारात थांबेलच असं नाही. ॲपमध्ये नाव स्टेशनचंच असतं, पण गावातल्या अरुंद गल्लीत मोठी बस वळत नाही, म्हणून थांबा दोन चौक पलीकडे मुख्य रस्त्यावर असतो. नवखा माणूस फलाटावर उभा राहतो आणि बस तिकडून निघून जाते. ड्रायव्हर पुष्कळदा बाहेरगावचा, कधी परदेशातला. बिचाऱ्याला रस्ते ठाऊक नसतात आणि पुढच्या सीटवरची एखादी आजी हाताने डावीकडे-उजवीकडे दाखवत असते. फ्रँकफर्टजवळ सकाळच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की एश्बॉर्नची पुढची एस-बान हमखास चुकते. ट्रेनने सुमारे तासाभराचा प्रवास अशा दिवशी दीड तासाचा तरी धरून चला.

सगळ्यात जास्त हाल होतात ते बाबागाडीवाल्यांचे. बसच्या मधल्या दाराशी बाबागाड्यांसाठी थोडीशीच जागा असते, तीही व्हीलचेअरबरोबर वाटून घ्यायची. नोव्हेंबरच्या पावसात एक बाई बाबागाडीचं पुढचं चाक पायरीवर टेकवून उभी होती. आत आधीच दोन बाबागाड्या होत्या. ड्रायव्हरने मान हलवली, दार मिटलं आणि ती पुढच्या बससाठी तशीच पावसात थांबली. तिला डॉक्टरकडे जायचं होतं की पाळणाघरात, कोण जाणे, पण ज्यांच्याकडे दुसरी सोयच नाही अशांनाच बस मागे सोडून जाते, याचा मला आजही संताप येतो. म्हणून बायकोला आत्ताच सांगून ठेवा की घडी होणारी हलकी बाबागाडी आणि बाळ बांधायची झोळी, दोन्ही हवं. सायकलचा विचार असेल तर ती या बसमध्ये सहसा घेतच नाहीत.

नोकरीबद्दल एक महत्त्वाचं. ट्रेन बंद होती हे कारण इथे सगळ्यांना पटतं, पण कायद्याने ऑफिसला वेळेवर पोहोचण्याची जबाबदारी तुमची. उशिराचे तास भरून द्यावे लागू शकतात किंवा पगारातून जाऊ शकतात. पहिले सहा महिने सहसा प्रोबेशनचे, तेव्हा मॅनेजरशी घरून काम करण्याबद्दल सुरुवातीलाच बोलून घ्या.

भरपाईवर फार विसंबू नका. साध्या तिकिटावर ६० मिनिटांच्या उशिराला २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के मिळतात. पण तुम्ही घेणार डॉइशलँडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसना चालणारा पास, महिन्याला ६३ युरो. त्यावर तासाभराच्या उशिराला दीड युरो, आणि एकूण रक्कम चार युरो झाल्याशिवाय काही हातात पडत नाही. रात्रीची शेवटची गाडी रद्द झाली आणि दुसरा मार्गच उरला नाही तर टॅक्सीचे १२० युरोपर्यंत मागता येतात. ती पावती जपून ठेवा.

आता घराचं. तुमच्या जागी मी ओबरउर्झेल बघेन. तिथून एस-५ पण आहे आणि यू-३ ही मेट्रो पण. दोघींचे रूळ वेगळे, एक बंद पडली तरी दुसरी चालते. एस-५ ने रोडेलहाइमला उतरून एश्बॉर्नची एस-३ किंवा एस-४ पकडता येते, फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनात शिरावंच लागत नाही. भाडं गोडेलाऊपेक्षा जास्त पडेल, एक खोली कमी मिळेल, तरी घ्या. तेही परवडत नसेल तर डार्मश्टाट बघा. तिथून फ्रँकफर्टला एस-बानही आहे, रीजनल गाड्याही आहेत आणि माइन्झकडे जायला वेगळा मार्ग आहे. कुठलंही घर पाहाल तेव्हा मालकाला आणि जमल्यास शेजाऱ्याला विचारा की मागच्या वर्षी ट्रेन किती दिवस बंद होती. रेल्वेच्या साइटवर मार्गानुसार पुढच्या कामांची यादी असते, तीही सही करण्याआधी बघा.

आणि गोडेलाऊच पक्कं करणार असाल तर लायसन्सचं लगेच मनावर घ्या. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि परीक्षेची तारीख मिळायलाही थांबावं लागतं.